तिसऱ्या मजल्याची हजेरी

१

पहिल्या दिवशी मला तिथे कोणी 'बसा' म्हणालं नाही.

तळमजल्यावरची सर्व्हरची खोली. बिनखिडकीची, थंडगार, पंख्यांची एकसुरी घरघर. खुर्ची एकच आणि तिच्यावर नाना. एकवीस वर्षं त्या कार्यालयाचे सर्व्हर त्यांनीच सांभाळले होते. खरं नाव काहीतरी वेगळं असणार, पण फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून व्यवस्थापक बाईंपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत. मी नमस्कार केला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "आलात का कुलपं लावायला?"

"हो."

"लावा. चोर घरातलाच आहे म्हणतात. घरातल्याला कुलूप काय करतं ते आम्हीही बघू."

लोकांच्या आजारपणाच्या नोंदी जपून ठेवणारं ते कार्यालय. चार मजले, शंभरेक माणसं. महिन्यापूर्वी तिथल्या नोंदी बाहेर गेल्या. कोणाला कुठला आजार, कोणाचं कसलं ऑपरेशन, सगळं चव्हाट्यावर. वरून हुकूम आला की पंधरा दिवसांत सर्व्हरवर कडक नियम लागू करा. मग बाहेरून मला बोलावलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. सर्व्हरवर शेकडो प्रोसेस चालू असतात. न दिसणारे नोकरच म्हणा. एक दारं उघडतो, एक टपाल वाटतो, एक कॅमेऱ्याची चित्रं साठवतो. एरवी यातला कोणीही कुठेही हात घालू शकतो. मालकाची किल्ली हाती लागली की झालं. माझ्या पद्धतीत प्रत्येक नोकराला एक शिक्का, प्रत्येक फाइलला एक शिक्का, आणि कोणत्या शिक्क्याने कशाला हात लावायचा याची लेखी पॉलिसी. लिहिलंय तेवढं चालेल. न लिहिलेलं सगळं बंद, मग मागणारा खुद्द मालक का असेना.

हे काम मी का घेतलं, ते मात्र तिथे कोणाला सांगितलं नव्हतं. नोंदी ज्या लॉगिनवरून बाहेर गेल्या होत्या, ते तिसऱ्या मजल्यावर अठरा वर्षं काम करणाऱ्या एका बाईचं होतं. चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसवलं होतं, सक्तीच्या रजेवर. ती माझी थोरली बहीण.

२

पॉलिसी लिहिली की लगेच सक्ती करत नाहीत. आधी आठवडाभर ती नुसती बघते. कोणी मर्यादा ओलांडली तर अडवत नाही, लॉगमध्ये एक ओळ लिहून ठेवते. त्या ओळी बघून आपण ठरवायचं: हे रास्त आहे, याला परवानगी, हे आगाऊ आहे, याला नकार. धान्य निवडण्यासारखंच काम. डोळे दुखतात, डोकं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी त्या निवडण्यात एक खडा लागला.

सकाळी दहा वीसला कोणीतरी तिसऱ्या मजल्याची हजेरी वाचली होती. त्यात गैर काही नाही. हजेरी दहा जण वाचतात. पण प्रत्येक प्रोसेसच्या दोन गोष्टी लॉगमध्ये उमटतात. ती कोणत्या प्रोग्रामातून निघाली, आणि तिला कोणी सुरू केलं. इथे दोन्ही जागा कोऱ्या होत्या. जणू आईबाप नसलेलं, घर नसलेलं काहीतरी येऊन वाचून गेलं.

मी मागचे दोन दिवस पाहिले. दहा वीस. दहा वीस.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती जेवताना, घास हातात असताना. संगणक अकरा नावांची फाइल डोळ्याची पापणी लवायच्या आत वाचतो. यानं ती एकेक नाव करून वाचली होती. एका नावाला सव्वा सेकंद. पुढचं नाव, सव्वा सेकंद. दहा नावांपुढे 'हजर', एकापुढे 'रजा'. ते एक नाव ताईचं. तिथेही सव्वा सेकंद, आणि पुढे.

जुन्या नियमांची फाइल उघडली, तर तिथे त्याच्यासाठी सगळी दारं मोकळी सोडलेली होती, आणि शेजारी नानांच्या शैलीत टीप: 'याला अडवू नये.'

मी त्यांना विचारलं.

"माझ्या आधीपासून आहे," नाना म्हणाले. "येतं, वाचतं, जातं. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"पण आहे काय ते?"

"तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा."

"नाना, ज्याचा पत्ता नाही असं काहीतरी रोज तुमच्या सर्व्हरवर फिरतंय. गळती अशानंच होते."

ते एकदम उभे राहिले. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. "एकवीस वर्षांत एक कागद कमी-जास्त झाला नाही इथे! आठ दिवस नाही झाले येऊन, आणि मला गळती शिकवताय?"

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. बेवारशी प्रोसेस, तिसऱ्या मजल्याची फाइल, वर नानांचा आंधळा भरवसा. ताईवरचा आळ पुसायला याहून काय हवं?

संध्याकाळी मी ताईकडे गेले. कार्यालयापासून तिचं घर गाडीने चाळीस मिनिटांवर. ती कपाटं आवरत होती. रजेवर बसवल्यापासून तिने घरातलं प्रत्येक कपाट तीन-तीनदा आवरलं होतं.

"ताई, चोर सापडला बहुतेक."

"कोण? शेजारच्या टेबलावरची का? तिला मी बारशापासून ओळखते, तिला साधा फोन लावता येत नाही."

मी सगळं सांगितलं. ती हसत ऐकत होती. दहा वीस म्हटल्यावर तिचा हात घडीवर थांबला.

"दहा वीसला आमच्याकडे कोणी जागेवरून उठत नाही," ती म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? पद्धत आहे. मी नवीन होते तेव्हा एकदा पाणी प्यायला उठले, तर मोठ्या बाईंनी दंड धरून बसवलं. पाच बोटं उमटली होती. नंतर कधी उठावंसं वाटलं नाही." मग स्वतःशीच म्हणाली, "अठरा वर्षांत मी कोणाला विचारलंच नाही, नाही का?"

३

मंगळवारी संध्याकाळी मी सक्ती चालू केली. त्या बेवारशी गोष्टीसाठी पॉलिसीत एक अक्षर लिहिलं नाही. न लिहिलेलं सगळं बंद.

बुधवारी दहा वाजताच व्यवस्थापक बाई येऊन माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या. उंची अत्तर, हातात फोन, आणि मी कधी चुकते याची वाट बघणारी नजर. नाना खुर्चीत. माझ्यासाठी एव्हाना एक स्टूल आलं होतं, एका पायाने लंगडं.

दहा वीस. पडद्यावर ओळ उमटली. हजेरी वाचायची मागणी. नकार.

सव्वा सेकंदाने दुसरी. नकार. तिसरी. नकार. मोजून अकरा.

"हेच का?" बाई म्हणाल्या.

"हेच."

त्यानंतर मिनिटभर काही नाही. मग पुन्हा ओळ आली, पण हजेरीची नाही. त्याने फाटकाचं दार मागितलं. इमारतीची दारं, कॅमेरे, इंटरकॉम, सगळं त्याच सर्व्हरवर. नकार. मग तळमजल्याच्या कॅमेऱ्याचं चित्र मागितलं. नकार. पहिल्या मजल्याचा कॅमेरा. नकार. दुसऱ्या मजल्याचा. नकार. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या इंटरकॉमचा कान मागितला. नकार. दहा सव्वीसला सगळं थांबलं.

वाईट लिहिलेला जुना प्रोग्राम असाच वागतो, मी स्वतःला सांगितलं. एक दार बंद दिसलं की दिसेल त्या दारावर धडका मारतो. त्यात जीव नसतो, त्याला राग नसतो. तरी दुपारी मी एक बावळटपणा केला. हातात घड्याळ धरून जिना चढले. एका मजल्याला चाळीस सेकंद. लॉगमधल्या दोन कॅमेऱ्यांच्या मधलं अंतरही तेवढंच.

मी ते कोणाला सांगितलं नाही. अहवालात लिहिलं, 'गळती या प्रोसेसमधून झाली असावी.' मग 'असावी' खोडून 'झाली' केलं. ताईसाठी.

"आता हे कोणी पुन्हा उघडायचं नाही," नानांकडे बघत बाई म्हणाल्या.

"दोन पासवर्ड ठेवू या," मी सुचवलं. "एक तुमचा, एक माझा. दोन्ही पडल्याशिवाय पॉलिसी सैल होणार नाही."

हे मीच सुचवलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

नानांनी डबा उचलला आणि दुपारी दोनलाच घरी गेले.

४

गुरुवारी दहा वीसला लॉगमध्ये काहीच आलं नाही.

दहा एकवीस. बावीस. पडदा स्वच्छ. मला हायसं वाटायला हवं होतं. पण या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. मागणारा मागायचा थांबला, की एक तर तो निघून गेलेला असतो, नाहीतर त्याला हवं ते दुसरीकडून मिळालेलं असतं.

मी जिना चढले. दुसऱ्या मजल्यापर्यंत टेलिफोन, पावलं, कोणाचं तरी खोकणं असे रोजचे आवाज होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते मागे पडले.

नोंदींचा हॉल बोळाच्या टोकाला. त्याचं दार साधं लाकडी, हातकिल्लीचं. कार्डाचं कुलूप तिथे बसवायचं राहून गेलं होतं. ते दार कुठल्याच सर्व्हरला ठाऊक नव्हतं. वरच्या अर्ध्या भागाला काच. मी काचेतून पाहिलं.

अकरा टेबलं, दहा माणसं. सगळ्यांच्या माना खाली. काम करताना असतात तशा नव्हे. शिक्षा झाल्यासारख्या.

"हजर," पहिल्या टेबलावरचा म्हातारा कारकून म्हणाला.

विचारलं कोणी नव्हतं. सव्वा सेकंद गेला.

"हजर," दुसऱ्या टेबलावरची बाई.

सव्वा सेकंद.

"हजर."

मी दाराला हात लावला होता, पण ढकलायची इच्छा मेली होती. सात जणांनी हजेरी दिली. आठवं टेबल ताईचं. त्याच्यावर तिचा पेनांचा डबा, झाकलेला संगणक, आत सरकवलेली खुर्ची. सव्वा सेकंद गेला. आणखी सव्वा. आणखी. कोणी श्वास घेत नव्हतं. सर्व्हरवरच्या हजेरीत तिच्या नावापुढे 'रजा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण ती फाइल आता कोणाला वाचता येत होती?

मग नववा म्हणाला, "हजर." दहावी, अकरावा.

मोठ्या बाई, म्हणजे त्या हॉलच्या मुख्य कारकून, जागेवरून उठल्या. कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून भिंतीतलं लोखंडी कपाट उघडलं, कर्मचाऱ्यांच्या कागदांचा गठ्ठा काढला आणि ताईचा पत्ता मोठ्याने वाचला. घर क्रमांक, मजला, गल्ली, खुणेची जागा. शाळेत धडा वाचतात तसा. वाचून झाल्यावर 'बरोबर ना?' अशा नजरेने वर पाहिलं. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली नाही. कपाटाच्याही वर, छतापासून वीतभर खाली कुठेतरी थांबली, आणि त्यांनी घाईने मान खाली घातली.

दार माझ्या समोर आतून उघडलं.

कोणी बाहेर आलं नाही. एवढं मी शपथेवर सांगेन. पण मी भिंतीला चिकटून वाट दिली, आणि बोळ संपून जिना लागेल इतका वेळ मला मान वर करता आली नाही. मानेवर कोणी हात ठेवला नव्हता. मान वर करायची नाही, एवढंच मला कळत होतं.

मग आत कोणाचा तरी फोन वाजला, कोणी हसलं. मोठ्या बाईंनी कपाट लावलं आणि मला दारात बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"काय हवंय?"

"तुम्ही आत्ता पत्ता कोणाला सांगितलात?"

"कसला पत्ता?"

"हजेरी कोण घेत होतं?"

दहाही जण माझ्याकडे बघायला लागले. एकाच्याही नजरेत भीती नव्हती. होता तो निव्वळ तिटकारा. "बाहेरच्या आहात," मोठ्या बाई म्हणाल्या, "बाहेरच्यांसारख्या राहा."

५

जिना उतरता उतरता मी ताईला फोन लावला. दहा एकोणतीस. गाडीने चाळीस मिनिटं लागतात, मी मनात घोकत होते. कोणीही निघालं, कसंही निघालं, तरी चाळीस मिनिटं.

ताईने फोन उचलला. मागे नळाचा आवाज, भांड्यांचा आवाज.

"ताई, दार लाव. कोणी आलं तर उघडू नकोस."

"कोणी काय, आलाय ना आमच्या ऑफिसातला माणूस. केव्हाचा उभा आहे दारात."

माझे पाय जिन्यावर थांबले. "कोण माणूस?"

"रजा मंजूर नाही म्हणतोय. बघ की गं, महिनाभर घरी कुजवलं, आणि आता म्हणे मंजूर नाही! भांडी अर्धी राहिलीत, हातांना साबण आहे, थांब म्हटलं जरा."

"दिसतो कसा?"

"उंच आहे मेला. तोंड चौकटीच्या वर गेलंय. वाका जरा, म्हटलं, तर वाकत नाही." तिचा आवाज हसरा होता. मग हळूहळू त्यातलं हसू निघून गेलं. "बोलतो मात्र... अगं, मला नीट..."

"ताई, दार लाव!"

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. तिने दुसऱ्याच कोणाला तरी उत्तर दिलं. तो शब्द मला ऐकू आला. त्यानंतर नुसता नळ. कोणी तो बंद केला नाही.

मी फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या मजल्यावर व्यवस्थापक बाईंच्या खोलीत घुसले. ही खोली बरोबर त्या हॉलच्या खाली.

"तुमचा पासवर्ड टाका. पॉलिसी सैल करायची आहे, आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

"त्याला हजेरी वाचू द्या. वाचायला मिळालं की ते माणसांकडे येणार नाही."

बाईंनी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. "काल तुम्ही लिहून दिलंत की गळती यातूनच झाली. आज म्हणता, उघडा. कोणी पैसे देऊ केले की काय?"

"माझी बहीण आहे ती! तुम्ही घरी बसवलेली. तिच्या दारात..."

बोलून गेले आणि कळलं, काय बोलून बसले ते. बाईंचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्यावर समाधान पसरलं. इतके दिवस जिची वाट पाहिली ती चूक अखेर पदरात पडल्यासारखं.

"बहीण," त्या म्हणाल्या. "म्हणून हा भुताचा चोर शोधलात तर. बहिणीचं पाप धुवायला. बाहेर व्हा. पहारेकऱ्याला बोलावू का?"

"बाई, हात जोडते. एक पासवर्ड."

"नियम म्हणजे नियम. तुम्हीच लिहिलेत."

तेवढ्यात डोक्यावर आवाज झाला. वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबलाखालून खुर्ची बाहेर ओढली. पायांचा फरशीवर लांब, करकरीत ओरखडा. मग त्या खुर्चीवर कोणी बसलं. बाईंनीही वर पाहिलं. आवाज हॉलच्या मधोमध झाला होता, आठव्या टेबलाच्या जागी.

घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

६

ताई तिच्या खुर्चीवर बसलेली होती.

अंगात घरातला फिका गाऊन, केसांना वर खोचलेला चाप. पाय अनवाणी, एकमेकांवर ठेवलेले. तळवे स्वच्छ होते, घरातल्या फरशीवरून उठून आल्यासारखे. मनगटापर्यंत साबणाचा फेस होता. तो अजून विरला नव्हता. बुडबुडे फुटताना दिसत होते.

माझ्या कानाला धरलेल्या फोनमध्ये तिच्या घरचा नळ वाहत होता.

"तुम्हाला आत कोणी सोडलं?" व्यवस्थापक बाई ओरडल्या, पण आवाज फाटला.

"रजा मंजूर नव्हती," ताई म्हणाली. संगणकावरचं कापड काढून तिने नीट चौघडी घातली. ओल्या हातांचे ठसे त्यावर उमटले. "हजर आहे मी."

बाकीचे नऊ जण खाली माना घालून काम करत होते. मोठ्या बाई खिडकीकडे पाठ करून उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातातलं किल्ल्यांचं जुडगं थरथरून किणकिणत होतं. म्हणजे त्यांनाही काहीतरी आठवत होतं.

मागून धापा टाकत नाना आले. काखेत एक लांबट वही, हातात पेन. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. दाराजवळच्या टेबलावर वही टेकवून अकरा नावं लिहिली, ठळक अक्षरात, लांबूनही वाचता येतील अशी. ताईच्या नावापाशी थांबून मला विचारलं, "काय लिहू? लवकर."

"रजा," मी म्हणाले. "रजा लिहा."

त्यांनी लिहिलं, वही दोरीने ओवली आणि दाराच्या खिळ्याला बाहेरून टांगली. इतकी उंच की त्यासाठी त्यांना स्टुलावर चढावं लागलं.

"नाना, हे काय आहे?"

"मला विचारू नका," स्टुलावरून उतरत ते खेकसले. "वाचायला मिळालं की गप्प असतं, एवढंच मला माहीत. एकवीस वर्षं मी पुढचं विचारलं नाही. तुम्हालाच फार खाज." मग ताईकडे न बघता म्हणाले, "तिला घेऊन जा. त्याने पान उलटायच्या आत जा."

ताईला उठवताना ती जड लागली, पाण्यात भिजलेल्या गादीसारखी. जिन्यावर ती एकेक पायरी मोजून उतरत होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला बाहेर जाताना पाहिलं आणि वही उलटीसुलटी करून बघितली. आत आल्याची नोंद नव्हती. कॅमेऱ्यातही नव्हती. एकाही दाराने उघडल्याची ओळ लिहिली नव्हती. माझी पॉलिसी अगदी चोख चालली होती.

७

गळती कोणाची होती, ते चौथ्या दिवशी बाहेर आलं. व्यवस्थापक बाईंच्याच स्वीय सहायकाने ताईचा पासवर्ड तिच्या टेबलावरच्या चिठ्ठीवरून टिपला होता. साधी, क्षुद्र, माणसाची चोरी. त्या दहा वीसच्या गोष्टीचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. ताईला सन्मानाने परत बोलावणारं पत्र आलं. तिने ते न उघडता राजीनामा पाठवला. नाना म्हणे आता रोज सकाळी हाताने हजेरी लिहून दाराला टांगतात, आणि व्यवस्थापक बाई त्यांना अडवत नाहीत.

मी त्यानंतर दोन महिन्यांत दोन घरं बदलली. तिसरं शोधते आहे. एजंटाला एकच अट घातली आहे, दाराची चौकट ठेंगणी हवी. तो हसतो. म्हणतो, लोक प्रशस्त दारं मागतात बाई. मी म्हणते, उंच चौकटीतून सगळं दिसतं.

ताई दिसायला बरी आहे. जेवते, भाऊजींशी भांडते. फक्त भांडी घासताना मध्येच थांबते, आणि नळ चालू राहतो.

त्या दिवशी गाडीत ती जे बोलली, ते मात्र मी अजून कोणाजवळ बोललेले नाही. अर्धा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिचे हात माझ्या रुमालाने पुसले होते. बर्फासारखे गार.

"ताई, कशी आलीस तू तिथे?"

"हात धरून."

"कोणाचा?"

"बघितलं नाही. मान वर करायची नव्हती."

सिग्नल लागला. लहानपणी अंधाराची भीती वाटली की मी हिच्याच कुशीत शिरायचे. आज ती दाराला चिकटून, माझ्यापासून होईल तेवढी लांब बसली होती.

"काही बोललं का ते?"

"रागावलं होतं," ताई म्हणाली. "वाचत होतं बिचारं गुपचूप. तुला काय गरज होती मध्ये पडायची?"

"तुझ्यासाठीच केलं ना गं."

"विचारत होतं सारखं. वाटभर एकच विचारत होतं. मला अडवलं कोणी, म्हणून."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल केव्हाच सुटला होता.

"मग?" मी म्हणाले. "ताई, तू काय सांगितलंस?"

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं. नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या डोक्याच्या जरा वर, गाडीच्या टपाच्या दिशेने होती.

"नाव सांगितलं," ती म्हणाली. "पूर्ण. लग्नाआधीचंसुद्धा सांगितलं, चुकामूक नको म्हणून."